बारा मिनिटांची चोरी

१

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता धाकटीने मार्करखोलीच्या दारात उभं राहून जाहीर केलं, की तिच्या संगणकाचं काळीज चोरीला गेलं आहे.

"प्रोसेसर," तिने खुलासा केला. "नवा काढून घेतलाय आणि त्याच्या जागी कुठला तरी जुना बसवलाय. तेरा दिवस मी गप्प बसले, बाबा. आता नाही."

बाबा म्हणजे तिचे सासरे आणि कारखान्याचे मालक. ते खुर्चीतून अर्धवट उठले. कोणत्याही संकटात ते अर्धवटच उठत. पूर्ण उठण्याच्या लायकीचं संकट अजून यायचं होतं.

"कोणी काढला?"

धाकटीने फक्त खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे तिची थोरली जाऊ अकरा वर्षांच्या जुन्या संगणकासमोर बसून माऊस हलवत होती, आणि इतक्या शांतपणे, की बघणाऱ्याला संशयच यावा.

"माझ्याकडे बघू नकोस," थोरली मान न वळवता म्हणाली.

"मी नाव घेतलं का तुमचं, ताई?"

"घेतलं असतंस तर बरं झालं असतं. नावाला उत्तर देता येतं, नजरेला काय देऊ?"

मालकांनी विषय बदलावा म्हणून वाकून नव्या संगणकाच्या पेटीकडे पाहिलं. पेटी काळी आणि चकचकीत होती. दिवसातून दोनदा ती पिवळ्या फडक्याने पुसली जाई, आणि ते फडकं दुसऱ्या कशालाही लावायची कोणाला परवानगी नव्हती. पेटीच्या मागे झाकणाला चार स्क्रू असायला हवे होते.

मालकांनी दोनदा मोजले. तीनच होते.

२

कारखाना गणवेशांचा होता. कामगारांचे डगले, प्रयोगशाळेतले एप्रन, रखवालदारांचे शर्ट. अशा कारखान्यात कापडाचे ऐंशी थर एकावर एक पसरतात, त्यावर एक लांबलचक कागद अंथरतात आणि कागदावरच्या रेघांवरून कापणी करतात. त्या कागदाला मार्कर म्हणतात. बाह्या, पाठी, कॉलर, खिसे असे सगळे तुकडे त्यावर दाटीवाटीने बसवायचे. कागद एक सेंटिमीटरने आखूड झाला, तर ऐंशी थरांत ऐंशी सेंटिमीटर कापड कातरणीच्या ढिगात जायचं वाचतं.

थोरली हे काम एकोणीस वर्षं करत होती. आधी पेन्सिलीने आणि मग संगणकावर. धाकटी तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती संगणकाची पदवी घेऊन. दोघींचे नवरे माल विकायला सतत फिरतीवर असत. त्यामुळे ते या गोष्टीत कुठे येत नाहीत. घरातही फारसे येत नसत.

नवं मशीन धाकटीच्या हट्टामुळे आलं. विकणाऱ्याने चौपट वेगाचं वचन दिलं होतं, आणि पंधरा दिवसांत पटलं नाही तर परत घ्यायचंही. मालकांनी लगेच शर्यत लावली. रोज एकच ऑर्डर दोघींनी आपापल्या संगणकावर बसवायची आणि मालकांनी घड्याळ लावून वेळ बघायची.

"नवं जलद निघालं तर ते ठेवू, धाकटी बसेल," ते म्हणाले होते. "नाही निघालं तर परत, आणि थोरली बसेल. या कामाला एक माणूस पुरे. दुसरीने पॅकिंगला जाऊन बटणं तपासायची."

पॅकिंग तळघरात होतं. तिथे खिडकी नव्हती.

तेरा दिवस मालकांनी वेळ घेतली. जुना संगणक 'झालं' म्हणायला बारा मिनिटं घेई. नवा बारा मिनिटं घेई. एकदाही सेकंदाचा फरक पडला नाही.

थोरलीला नव्या मशीनचा मत्सर वाटतो हे कारखान्यात झाडूवालीलाही माहीत होतं. मत्सर जुन्याला नव्याचाच वाटतो, असा सर्वांचा समज होता. तपासाची पहिली चूक तिथेच झाली.

तपास आत्याकडे आला, कारण ती गुडघ्याच्या उपचारासाठी भावाकडे महिनाभर राहायला आली होती आणि तिला करमत नव्हतं. आत्या म्हणजे मालकांची थोरली बहीण. एकतीस वर्षं तिने परीक्षांच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून काढली होती. मुलांच्या बुटांतून, टोप्यांतून आणि एकदा पायाच्या प्लास्टरमधून तिने चिठ्ठ्या बाहेर काढल्या होत्या. संगणकातलं तिला काही कळत नसे. तपासाला त्याचा फार उपयोग झाला.

तिने पहिल्यांदा नवं मशीन विकणाऱ्या संगणकवाल्याला बोलावलं. तो येताना घाम पुसतच आला.

"चौपट वेग, आत्या. लिहून देतो."

"लिहून सगळेच देतात. परीक्षेत तेच तर करतात. उघड."

त्याने तीन स्क्रू काढले, झाकण काढलं, पंखा सोडवला. खाली चौकोनी धातूच्या तुकड्यावर राखाडी लेप होता.

"हा बघा. मी लावला तसाच आहे. एकदा कोणी पंखा उचलला की हा लेप फाटतो, त्याला तार सुटते. माझ्या आधी कोणी हात लावलेला नाही." त्याने लेप पुसला, आत्याने भिंग धरलं आणि धातूवर कोरलेलं नाव आणि नंबर पावतीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिलं.

प्रोसेसर नवाच होता.

"म्हणजे चोरी झालीच नाही?" मालकांचा आवाज पडला. एवढं सगळं होऊन चोरी नाही म्हणजे त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

"हे नाही चोरलं, एवढंच कळलं," आत्या म्हणाली. "स्क्रू किती लावले होतेस रे?"

"चार. शपथ."

आत्या थोरलीच्या टेबलाकडे गेली. पेन्सिलींचा डबा तिने न विचारता उचलला आणि उलटा केला. तीन पेन्सिली पडल्या, एक खडू पडला, रबर पडलं. शेवटी एक काळा स्क्रू पडला आणि घरंगळत धाकटीच्या पायाशी जाऊन थांबला.

३

"उघडलं मीच," थोरली म्हणाली. दोघी जिन्यात बसल्या होत्या. आत्याला उभं राहवत नव्हतं आणि थोरलीला कोणाच्या समोर बसवत नव्हतं. "पहिल्याच दिवशी. सगळे जेवायला गेले तेव्हा."

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"आत्या, सवत घरात आली की तिचं तोंड तरी बघावंसं वाटेलच ना? महिनाभर घरात एकच नाव. नवं असं, नवं तसं. एकोणीस वर्षांत बाबांनी मला 'पाठ दुखते का गं' विचारलं नाही. त्या पेटीला गरम होतंय का म्हणून दिवसातून तीनदा हात लावून बघतात."

"मग काय दिसलं?"

"पंखा. एवढासा. बाकी हिरव्या पाट्या." तिने पायरीवरून बोट फिरवलं. "आणि धूळ नव्हती. तेच जास्त लागलं मला."

"स्क्रू?"

"तीन लावले आणि जिन्यात पावलं वाजली. चौथा मुठीतच राहिला. नंतर लावायला गेले असते तर दिसले असते."

आत्याने मान हलवली. खोटं बोलणारी मुलं एवढं वाईट कारण सांगत नाहीत, चांगलं शोधून आणतात.

"एक सांग. बारा मिनिटांनी तुझा संगणक 'झालं' म्हणतो. पण तुझा कागद छापून यायला आणखी पंधरा मिनिटं लागतात. कापणीचे मास्तर म्हणाले."

"तपासते मी."

"काय तपासतेस?"

"सवय आहे," थोरली म्हणाली आणि जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर एका भिंतीशिवाय काही नव्हतं.

पेपर केव्हाच सोडवून झालेला असतो आणि तरी शेवटपर्यंत जागेवर बसणारी काही मुलं असतात. ती नेमकी अशीच भिंतीकडे बघतात, हे आत्याने एकतीस वर्षं पाहिलं होतं.

४

धाकटीने आत्याला नवी खुर्ची देऊ केली. आत्याने ती घेतली नाही. ती खुर्ची गोल फिरत होती.

"मी मागितलं ते मशीन," धाकटी म्हणाली. "बाबांच्या किती मागे लागले मी. आणि पहिल्या दिवशी काय झालं माहितीये? ताईंचा कागद चार मीटर अठरा आणि माझा चार एकवीस. तीन सेंटिमीटर जास्त! नव्याकोऱ्या मशीनवर! मास्तर मोजताना हसले. तोंडात सुपारी असल्यासारखं हसले."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवसापासून बरोबरी. जेवढा ताईंचा, तेवढाच माझा."

"रोज?"

"रोज."

"सेंटिमीटरला सेंटिमीटर?"

"हो," धाकटी म्हणाली आणि आपल्या नखांकडे पाहू लागली. नखं चांगली होती, पण एवढं बघण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

मास्तर कापणीच्या टेबलापाशी भेटले. त्यांना नव्या मशीनचा मत्सर नव्हता, आणि जुन्याचाही नव्हता. त्यांना सगळ्याच संगणकांचा होता, आणि तो संगणक यायच्या आधीपासून होता.

"मी खडूने बसवायचो," ते म्हणाले. "तेव्हा विजेचं बिल यायचं नाही आणि भांडण व्हायचं नाही."

"कागद आहेत सगळे?"

"आहेत तर. तारखेनुसार गुंडाळून ठेवलेत. टाकवत नाही हो."

त्यांनी कालचे दोन कागद टेबलावर एकाखाली एक पसरले. वर थोरलीचा, खाली धाकटीचा. आत्या चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला लागेल इतकी वाकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागली. उत्तरपत्रिका तपासायची तिची तीच पद्धत होती. दीड मीटरवर ती थांबली.

"मास्तर, हा तुकडा कसला?"

"आतला खिसा. डगल्याच्या आतून शिवतात. बाहेरून दिसत नाही."

"बाकी सगळे सरळ उभे आहेत. हा कलंडलाय."

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "अरे वा! हे कोणी केलं? आत्याबाई, कापडाला उभा धागा असतो. तुकडा त्या धाग्याला धरूनच ठेवावा लागतो, नाहीतर धुतल्यावर कपडा पिळतो. पण आतला खिसा पिळला तर कोणाला दिसतोय? तो जरा तिरका केला की शेजारची बाही आत सरकते. बोटभर जागा सुटते. आम्ही जुने लोक करायचो असं."

"संगणक करतो?"

"छे! त्याला नियम घालून दिलाय, सगळं सरळ. तो नियम मोडत नाही. अक्कल लागते त्याला."

आत्या खालच्या कागदाकडे वळली. धाकटीच्या कागदावर, दीड मीटरवर, आतला खिसा कलंडलेला होता. तितकाच, आणि त्याच बाजूला.

"आता पहिल्या दिवसापासूनचे सगळे द्या," आत्या म्हणाली.

ते बघायला तिला वीस मिनिटं लागली. मग ती सरळ झाली, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाली, "चार वाजता सगळ्यांना मार्करखोलीत बोलवा. संगणकवाल्याला जाऊ देऊ नका."

५

"शंभर मुलं एकाच मिनिटाला पेपर देतात," आत्याने सुरुवात केली. "का देतात?"

मालकांना शाळेची आठवण होऊन ते किंचित सावरून बसले.

"कॉपी?" संगणकवाल्याने चाचरत विचारलं.

"घंटा! घंटा होते म्हणून. साधा शर्ट असो नाहीतर बारा खिशांचा डगला असो, बारा मिनिटं. जुनं मशीन बारा मिनिटं, नवं मशीन बारा मिनिटं. धावणारे कधी असे सारखे येतात का? कोणीतरी घंटा लावून ठेवलीय. शोध रे."

संगणकवाला नव्या मशीनसमोर बसला. एक खिडकी उघडली, तिच्यात दुसरी उघडली, तिच्यात तिसरी. मग त्याचे कान लाल झाले.

"आहे," तो पुटपुटला. "वेळेची मर्यादा. बारा मिनिटं."

"नीट सांग. मला कळेल असं."

"हे तुकडे बसवायच्या कामाला शेवट नसतो, आत्या. कितीही प्रकारे बसवता येतात. मशीन आपलं करून बघत राहतं, आणि दिलेला वेळ संपला की तोपर्यंत सापडलेलं सगळ्यात चांगलं पुढे करतं. जलद मशीन तेवढ्या वेळात जास्त प्रकार करून बघतं. पण थांबतं घंटेलाच. आणि मी जुन्यावरची सगळी सेटिंगं जशीच्या तशी नव्यावर उतरवली, त्यात..."

"त्यात घंटापण उतरली. जुन्यावर बारा कोणी ठेवली होती?"

मालक खोकले. "अक्का, अकरा वर्षं झाली. तो बसवणारा विचारत होता, किती वेळ ठेवू. मी म्हटलं, माझा चहा होईपर्यंत ठेव."

"म्हणजे तेरा दिवस घड्याळ लावून तू चहा मोजलास."

मास्तर तोंडात सुपारी असल्यासारखे हसले.

"म्हणजे माझी चूक नाही!" धाकटी उठली. "माझं मशीन चांगलं आहे! म्हणजे आता—"

"बस," आत्या म्हणाली. आवाज वाढला नव्हता, तरी धाकटी बसली. "वेळ सारखी आली तर घंटा. उत्तरं सारखी आली तर?"

मार्करखोलीत पंख्याचा आवाज येऊ लागला. तो आधीही येत असणार.

"बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं," आत्या म्हणाली. "त्यावरून मी कोणाला कधी पकडलं नाही. मी पकडायची चुकांवरून. शेजारी-शेजारी बसून दोघे तीच चूक करतात तेव्हा एकाची मान वाकडी झालेली असते. या दोन्ही कागदांत आतला खिसा तिरका आहे. संगणक तिरकं ठेवत नाही, मास्तर साक्षीला आहेत. म्हणजे ते माणसाच्या हाताचं काम. कोणाच्या हाताचं? पहिल्या दिवशी तिरका खिसा फक्त थोरलीच्या कागदावर आहे. धाकटीच्या कागदावर सगळं सरळ, आणि कागद तीन सेंटिमीटर लांब. दुसऱ्या दिवसापासून तिरका खिसा दोन्हीकडे. कोपऱ्यात छापल्याची वेळ असते. रोज आधी थोरलीचा कागद छापलाय, आणि सहा-सात मिनिटांनी धाकटीचा."

"चोराच्या उलट्या बोंबा," मास्तर म्हणाले. ते म्हणायची संधी त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाली होती.

धाकटीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"दोन्ही मशीनच्या फायली एकाच फोल्डरमध्ये जातात," ती म्हणाली. "मी ताईंची उघडायचे आणि माझ्या नावाने ठेवायचे. मला खरंच वाटलं मशीन बाद आहे. नाहीतर अकरा वर्षांचा डबा त्याला हरवेल कसा? बरोबरी दाखवली तर निदान हरले असं तरी होणार नाही. पण पंधरा दिवस संपत आले. स्क्रू नाही हे मला आज सकाळी पेटी वळवून मागून पुसताना दिसलं. म्हटलं, प्रोसेसर बदललाय असं ठरलं तर दुसरं मशीन येईल. आणखी पंधरा दिवस मिळतील. मला बटणांत नव्हतं जायचं, बाबा."

"आणि मला तळघरात चोर म्हणून पाठवायला निघालीस," थोरली म्हणाली.

"नाव नव्हतं घेतलं मी."

"पुरे," आत्या म्हणाली. "थोरली, तुझंही आहे. डबा नव्हता हरवत. कोण हरवत होतं ते सांग."

थोरलीने पदर सावरल्यासारखं केलं. पदर जागेवरच होता.

"मशीन 'झालं' म्हणतं तेव्हा झालेलं नसतं," ती म्हणाली. "जागा दिसतात मला. मग हाताने सरकवते. खिसा तिरका करते, कॉलर उलटी घालते. पंधरा मिनिटांत तीन-चार सेंटिमीटर निघतात."

"हे तू कधीपासून करतेस?" मालकांनी विचारलं.

"हे जुनं मशीन आलं त्या दिवसापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही संगणकाला शाबास म्हणायचात."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरपरीक्षा झाली. पहिल्या दिवसाचीच ऑर्डर, घंटा काढलेली, आणि दोघी जावा हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या. आत्या मधल्या स्टुलावर बसली.

जुन्या मशीनने बारा मिनिटांत चार मीटर बावीसचा मार्कर बसवला. नव्याने तोच आकडा तीन मिनिटांत गाठला.

"चौपट!" संगणकवाला टाळी वाजवायच्या बेतात होता. "मी म्हटलं होतं!"

"पुढे?" आत्याने विचारलं.

नवं मशीन बारा मिनिटांपर्यंत चाललं आणि चार एकवीसवर आलं. म्हणजे धाकटीच्या पहिल्या दिवसाचा आकडा. मालकांनी हुरूप येऊन आणखी चाळीस मिनिटं चालू ठेवायला सांगितलं. त्या चाळीस मिनिटांत अर्धा सेंटिमीटर निघाला.

"चौपट वेगाचा दीड सेंटिमीटर," मास्तर समाधानाने म्हणाले.

"थोरली, आता तू बस," आत्या म्हणाली. "नव्यावर. त्याचा तीन मिनिटांचा कागद घे."

थोरली त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीच्या कडेवर बसली. सवतीच्या पलंगावर बसावं तशी. दोन मिनिटांनी ती मागे टेकली, आणि त्यानंतर खोलीत कोण आहे याची तिला शुद्ध राहिली नाही. तुकडे सरकत होते. एक पाठ वर गेली, दोन कॉलर एकमेकांच्या कुशीत शिरल्या. तेरा मिनिटांनी ती थांबली. आकडा होता चार अठरा.

मालकांनी हिशेब जुळवायला बोटं उघडली आणि मिटली. "जुन्यावर बारा आणि पंधरा. नव्यावर तीन आणि तेरा. म्हणजे कापड तेवढंच, वेळ निम्म्याच्या जवळ. मग मशीन जलद आहे की नाही?"

"जलद आहे," आत्या म्हणाली. "पण ते जिथे थांबतं तिथून ही सुरू होते. तुला दोघांतलं एकच दिसत होतं."

मालकांना दोन्ही दिसल्यावर निर्णय घेणं सोपं गेलं. "मशीन राहील. थोरली बसेल त्यावर. धाकटी, तू उद्यापासून खाली."

धाकटीने टेबलावरची वही उचलली, पाण्याची बाटली उचलली. पिवळं फडकं उचललं आणि परत ठेवलं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा थोरलीने विचारलं, "माझी फाईल उघडलीस की लगेच छापायचीस?"

"नाही."

"मग सहा मिनिटं काय करायचीस?"

"बघत बसायचे." धाकटी दाराकडेच तोंड करून बोलत होती. "तुम्ही कुठला तुकडा हलवलाय आणि का, ते शोधायचे. आठव्या दिवशी आधी माझं मी करून बघितलं. खिसा तिरका केला, तर दुसरीकडे बाही अडकली. मग तुमचं उघडलं. तुम्ही बाहीच फिरवली होती." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "इतकी जळले मी त्या दिवशी. जेवण गेलं नाही. एवढी पदवी घेतली, आणि मला ती बाही दिसली नाही."

"जेवण गेलं नाही?"

"नाही."

थोरलीने ते ऐकून घेतलं. मग खुर्ची अर्धी फिरवून ती मालकांकडे वळली.

"बाबा, हिला वरच राहू द्या."

"अगं, काम एकीचं आहे."

"दहा-अकरा मिनिटं वाचली ना तुमची? तेवढ्यात शिकेल ती."

"शिकेल? तिने चोरी केली तुझी! तेरा दिवस! वर तुझ्यावरच आळ घातला!"

"केली," थोरली म्हणाली. "आळ घातला त्याचं मी तिच्याकडे बघून घेईन, ते तुम्ही माझ्यावर सोडा. पण एकोणीस वर्षं या खोलीत आहे मी, बाबा. त्यात दुसऱ्या कोणाला माझं काही चोरावंसं वाटलं?"

मालकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने गुडघा चोळायला घेतला. तपास संपला होता आणि हा प्रश्न तिच्या विषयातला नव्हता.

धाकटीने बाटली खाली ठेवली. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून आणलं आणि टेबलापासून चांगलं हातभर अंतर ठेवून त्यावर अवघडून बसली.

"लांब नको," थोरली म्हणाली. तिने जुना कागद पुसून नवी ऑर्डर उघडली. "तिथून नुसतं जळता येतं. दिसत काही नाही."